वाळूज ते शेंद्रा : वेगाचा उलटा क्रम

पश्चिमेला नगरच्या वाटेवर वाळूज आणि पूर्वेला जालन्याच्या वाटेवर शेंद्रा, या दोन औद्योगिक वसाहतींच्या मध्ये आजचे छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, पसरले आहे. शहराचा मोटारींचा इतिहास याच दिशेने, पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकला. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला. त्याच वर्षी बजाजला सुटे भाग पुरवण्यासाठी ॲल्युमिनियमचे ओतकाम करणारा एक उद्योग तिथे उभा राहिला. त्यातूनच पुढे शॉक ॲब्सॉर्बर, डिस्क ब्रेक आणि क्लच बनवणारी एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज वाढली. या कंपनीने २०२० मध्ये ग्रिमेका ही ब्रेक बनवणारी इटालियन कंपनीच विकत घेतली. १९९० च्या दशकात सिएट आणि गुडइयर यांच्या भागीदारीतून वाळूजला टायरचा कारखाना आला. त्यानंतर, २००१ मध्ये, शेंद्र्याहून स्कोडाची ऑक्टाव्हिया बाहेर पडू लागली. म्हणजे आधी सुटे भाग, मग रस्ता धरून ठेवणारे टायर, आणि सर्वांत शेवटी वेगवान गाडी, असा या शहराच्या उद्योगाचा क्रम आहे. गाडीचा शौक मात्र नेमका उलट्या क्रमाने वाढला. इथे हौसेने घेतलेल्या गाडीवर पहिला खर्च होतो तो सायलेन्सरवर किंवा रिमॅपवर. ब्रेकचे लायनर आणि टायर झिजून हाक मारतात तेव्हाच आठवतात. हा उलटा क्रम केवळ तरुणांच्या उथळपणातून आलेला नाही, त्याला इतिहास आहे. वेगवान गाडी चालवून पाहण्याची जागाच ज्या प्रदेशात नव्हती, तिथे गाडीत काय बदलायचे याची शिकवण बाजाराने दिली. ट्रॅकने दिली असती तर ती वेगळी असती.

हा शौक मोटारींच्या आधी दुचाकींवर रुजला. वाळूजचा कारखाना नवा होता त्याच सुमारास जपानी तंत्राच्या शंभर सीसीच्या टू-स्ट्रोक गाड्या भारतात आल्या. एस्कॉर्ट्सची यामाहा आरएक्स १०० आणि बजाजची कावासाकी केबी १०० या गाड्या हलक्या होत्या, चटकन पळत आणि कुठल्याही मिस्त्रीला उघडता येत. टू-स्ट्रोक इंजिनात सायलेन्सर बदलला, पोर्ट थोडा घासला, कार्ब्युरेटरची जेट मोठी केली की फरक पहिल्याच चौकात जाणवतो. त्या गाड्यांपैकी पुष्कळशा मागेपुढे ड्रम ब्रेकवर चालत, आणि ड्रम ब्रेकमध्ये घरगुती सुधारणेला फारसा वाव नसतो. त्यामुळे मिस्त्रीच्या हाती जे होते तेच बदलत गेले. पुढे बुलेटच्या फटाका सायलेन्सरने हीच सवय नव्या पिढीकडे पोचवली, आणि राज्यातल्या अनेक शहरांत पोलिसांना जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवण्याचे जाहीर कार्यक्रम करावे लागले. आवाज म्हणजे ताकद हा समज इतका घट्ट बसला आहे की गाडीचे वजन न घटवता, इंजिन न उघडता, नुसत्या मोठ्या आवाजावर समाधान मानणारे ग्राहक आजही गॅरेजला मिळतात.

शेंद्र्याच्या गाडीने या सवयीला नवे इंधन पुरवले. २००४ मध्ये भारतात ऑक्टाव्हिया आरएस आली. भारतात विकली गेलेली ही पहिली टर्बो पेट्रोल मोटार. १.८ लिटरच्या तिच्या इंजिनातून १५० अश्वशक्ती निघत होती. युरोपात याच नावाच्या गाडीत त्याच कुळातले इंजिन १८० अश्वशक्ती देत होते, आणि ही गोष्ट इथल्या शौकिनांपासून लपून राहिली नाही. टर्बो इंजिनात हवेचा दाब किती वाढवायचा आणि इंधन किती सोडायचे हे एका छोट्या संगणकातल्या कोष्टकांवर ठरते. ती कोष्टके बदलली, म्हणजेच रिमॅप केला, की एकही नट न फिरवता ताकद वाढते. ऑक्टाव्हियाच्या ९० अश्वशक्तीच्या १.९ लिटर डिझेल इंजिनालाही हेच लागू होते. अर्ध्या दिवसाचे काम, गाडीच्या किमतीच्या मानाने किरकोळ खर्च, आणि फरक असा की शेजारी बसलेल्यालाही कळावा! दुसरा कोणताही बदल एवढ्या पैशांत एवढा दिसत नाही. म्हणून रिमॅप ही पहिली पायरी ठरली आणि ‘स्टेज वन’ हा शब्द मराठी गॅरेजांतही रुळला. लॉरा आली, २०११ मध्ये लॉरा आरएस आली, सुपर्ब आली. क्रम तोच राहिला. बाजाराच्या हिशेबाने यात चूक काहीच नाही. फक्त ताकद वाढवल्यावर ती कुठे वापरायची, हे कोणी विचारले नाही.

गंमत म्हणजे ज्या ‘आरएस’ बिल्ल्याच्या मोहाने हे सारे झाले, त्या बिल्ल्याचा स्वतःचा इतिहास वेगळे सांगतो. स्कोडाची १३० आरएस ही १९७० च्या दशकातली छोटी गाडी. तिचे इंजिन मागे होते आणि क्षमता जेमतेम १.३ लिटर. पत्र्याच्या जागी शक्य तिथे ॲल्युमिनियम आणि फायबर वापरून तिचे वजन उतरवले होते. १९७७ च्या मोन्टे कार्लो रॅलीत ती आपल्या गटात पहिली आणि दुसरी आली. तिच्यापेक्षा ताकदवान गाड्या त्या रॅलीत कितीतरी होत्या. पण बर्फाच्या घाटरस्त्यांवर हलकी, नेमकी वळणारी आणि वेळेवर थांबणारी गाडी टिकते. घाटाच्या परीक्षेतून तयार झालेले हे नाव सरळ जालना रोडवर उतरले, तेव्हा त्यातली अश्वशक्ती तेवढी लोकांनी उचलली.

यावर जुने जाणकार एक रास्त आक्षेप घेतील. भारतातल्या शर्यतींची सुरुवात तरी इंजिनाच्या छेडछाडीनेच झाली ना? मद्रासजवळच्या शोलावरमला, दुसऱ्या महायुद्धात बांधलेल्या धावपट्टीवर, १९५० च्या दशकापासून शर्यती होऊ लागल्या. तिथे उतरणाऱ्या फियाट आणि हेराल्डवर जोड कार्ब्युरेटर, घासलेले हेड, बदललेला कॅमशाफ्ट हे सर्व होतच होते. हे खरे आहे, आणि त्याचे कारणही उघड आहे. मुंबईत कुर्ल्याला बनणाऱ्या फियाटचे १०८९ सीसीचे इंजिन चाळीसेक अश्वशक्तीचे. त्या गाडीत खरोखरच ताकद कमी होती. डुक्कर फियाटपासून पद्मिनीपर्यंत ज्यांनी त्या गाड्या चालवल्या त्यांना हे पटवून द्यायला नको. पण शोलावरमच्या शर्यतींतूनच दुसरी बाजूही पुढे आली. लांब सरळ धावपट्टीच्या टोकाला एकदम अरुंद वळण आले की ड्रम ब्रेक तापून निकामी होत, आणि शर्यतीचा निकाल तिथे लागे. १९८० मध्ये मुंबईहून सुटलेल्या पहिल्या हिमालयन रॅलीच्या गाड्यांनाही आधी इंजिनाखाली जाड संरक्षक पत्रा, भक्कम शॉक ॲब्सॉर्बर, टायर आणि दिवे लागले. अश्वशक्तीचा नंबर त्यानंतर. १९९० मध्ये मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला कायमचा ट्रॅक उभा केल्यावर तर हे ज्ञान दक्षिणेत पिढीजात झाले. कोइम्बतूरला २००३ मध्ये करी मोटर स्पीडवे आला. तिथल्या मुलाला आपली गाडी दहा फेऱ्यांनंतर कशी वागते हे पाहायला मिळत होते. औरंगाबादच्या मुलाला ते कळण्याची सोय नव्हती. बुद्धीचा यात काही संबंध नाही. हजार किलोमीटरच्या अंतराचा आहे.

दहा फेऱ्यांनंतर काय होते हे आकड्यांत मांडता येते. सुमारे १,४०० किलोची गाडी ताशी १५० किलोमीटरवरून ६० वर आणायची तर ब्रेकना जवळजवळ १० लाख जूल ऊर्जा गिळावी लागते. तीन लिटर थंड पाणी उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते तेवढी ही, आणि हे काम तीन-चार सेकंदांत उरकायचे असते. या हिशेबाने ब्रेक हे गाडीतले सर्वांत ताकदवान यंत्र ठरते. १५० अश्वशक्तीच्या इंजिनाच्या दुपटीहून अधिक वेगाने ते ऊर्जा हाताळते. आता रिमॅप करून सरळ पट्टीवर १५० ऐवजी १६५ चा वेग मिळवला. वेग दहाच टक्क्यांनी वाढला, पण त्याच वळणाआधी जिरवायची उष्णता चतुर्थांशाने वाढली. चेन्नईच्या ३.७ किलोमीटरच्या फेरीत बारा वळणे आहेत, म्हणजे डिस्क थंड होण्याआधीच पुढचे वळण येते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीचे नवे ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पुरेसे पाणी मुरलेले तेच ऑइल १५५ अंशांनाच उकळू शकते. ते उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पाय पेडलसकट तळाला जातो. म्हणून ट्रॅकवर पहिल्यांदा गाडी नेणाऱ्याने करायचा पहिला बदल काहीशे रुपयांपासून सुरू होतो : ताजे, उच्च उत्कलनबिंदूचे ब्रेक ऑइल. त्यानंतर जास्त तापमान सोसणारे ब्रेक पॅड. मग टायर. नवे आणि चांगल्या प्रतीचे, पण कंपनीने सांगितलेल्याच मापाचे. व्हील अलाइनमेंट, आणि ८० हजार किलोमीटर धावलेली जुनी लॉरा असेल तर शॉक ॲब्सॉर्बर आणि बुश. एवढ्यावर पहिल्या वर्षाचा खर्च थांबला तरी चालतो.

ब्रेकच्या बाबतीत एक चतुर युक्तिवाद ऐकू येतो. आजच्या गाडीत जोरात पाय दिला की कंपनीच्याच ब्रेकवर एबीएस सुरू होते. म्हणजे ब्रेकची ताकद टायरच्या पकडीपेक्षा आधीच जास्त आहे, मग ती आणखी वाढवायची कशाला? युक्तिवाद अर्धा बरोबर आहे. पहिल्या थांब्यापुरता तो खराच आहे, आणि म्हणूनच मोठ्या डिस्क, सहा पिस्टनचे कॅलिपर असला लाखाचा सरंजाम नवशिक्यासाठी निरुपयोगी आहे. (कॅलिपरला लाल रंग फासणे हा तर वेगळाच उद्योग.) पण प्रश्न पहिल्या थांब्याचा नसून चाळिसाव्या थांब्याचा आहे. तिथे ताकदीपेक्षा उष्णता सोसण्याची क्षमता लागते, आणि ती पॅड आणि ऑइलमधून स्वस्तात मिळते. याच तर्काने मोठ्या रिम्सही बाद होतात. जड चाक फिरवायला इंजिनाला आणि थांबवायला ब्रेकना जादा कष्ट पडतात, शिवाय पातळ टायर आपल्या खड्ड्यांत रिमसकट जातो. गाडी खाली बसवण्याची हौस स्पीडब्रेकरवर इंजिनाखालच्या चेंबरच्या जिवावर उठते, हे वेगळे.

या क्रमाच्या बाजूने सर्वांत चांगला पुरावा महाराष्ट्रातूनच निघालेला आहे. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला आणि २०१० पासून कंपनीने पोलो कप ही शर्यतमालिका भरवली. सुरुवातीच्या पोलोंमध्ये १.६ लिटरचे १३० अश्वशक्तीचे डिझेल इंजिन होते. डिझेलवर शर्यत म्हटल्यावर अनेकांनी नाके मुरडली. पण सर्व गाड्या एकसारख्या, इंजिनाला स्पर्धकाने हात लावायचा नाही, हा त्या मालिकेचा पाया होता. इंजिन सारखे झाल्यावर उरतो तो चालक. कोण ब्रेक सरळ रेषेत लावतो, कोण वळणाच्या आत लावून मागचा भाग सुटू देतो, कोणाची नजर पुढच्या वळणावर आहे आणि कोणाची बॉनेटवर, हे सेकंदाच्या शंभराव्या भागात दिसते. ताकद नंतर वाढत गेली : २०१२ च्या पोलो आर कपमध्ये १८० अश्वशक्ती, २०१७ च्या अमियो कपमध्ये २०५. म्हणजे आधी चालक घडवायचा आणि मग इंजिन द्यायचे. हा क्रम हौशी माणसालाही लागू पडतो. अनुभवी प्रशिक्षकाला शेजारी बसवून घालवलेला एक दिवस फेरीच्या वेळेतून जेवढे सेकंद कापतो, तेवढे रिमॅपने क्वचितच कापले जातात. आणि तो धडा पुढच्या गाडीतही बरोबर येतो. रिमॅप जुन्या गाडीबरोबर विकला जातो.

आता सर्वांत अवघड आक्षेप. मराठवाड्यात ट्रॅकच नाही, तर ट्रॅकसाठी गाडी सजवण्याच्या या गप्पा कशासाठी? चेन्नई, कोइम्बतूर, आणि २०११ पासून ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट, तिन्ही ठिकाणी जायचे तर हजार किलोमीटरच्या पलीकडे. शेजारच्या अहिल्यानगरला व्हीआरडीईची चाचणीची धावपट्टी आहे, पण ती संरक्षण खात्याची, हौशी नागरिकासाठी नाही. ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्या; तिथे सरळ पळायचे असते, त्यामुळे अश्वशक्तीच्या वेडाला उलट दुजोराच मिळाला. आक्षेपातली वस्तुस्थिती मान्य करूनही निष्कर्ष मान्य करता येत नाही, कारण ट्रॅक नसला म्हणून वेग वापरलाच जात नाही असे होत नाही. तो रस्त्यावर वापरला जातो. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा खुला झाला आणि या शहराला घराजवळ काँक्रीटचा लांबच लांब सरळ पट्टा मिळाला. कमाल वेग ताशी १२० किलोमीटर, असे फलक जागोजाग आहेत. टायर फुटून झालेल्या अपघातांनंतर परिवहन विभागाला प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासून झिजलेल्या टायरांच्या गाड्या परत पाठवाव्या लागल्या. टायरांचा कारखाना असलेल्या शहराच्या उंबरठ्यावर ही तपासणी करावी लागली, यापेक्षा उलट्या क्रमाचा वेगळा पुरावा काय हवा? ब्रेक ऑइल, पॅड आणि टायरवर घातलेला पैसा ट्रॅकचे तोंडही न पाहणाऱ्याच्या उपयोगी पडतो, रिमॅपवर घातलेला पैसा समृद्धीवर १२० च्या पुढे नियम मोडण्याच्याच कामी येतो.

कायदाही याच बाजूला झुकलेला आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदलांना मनाई करते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा कडक अर्थ लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. झिजणारा भाग चांगल्या प्रतीचा घालणे, मान्य मापाचा टायर घालणे हे या मनाईत बसत नाही. म्हणजे नवशिक्याला खऱ्या अर्थाने लागणारे बदल कायदेशीर आहेत, आणि न लागणारेच अडचणीचे.

तरीही ट्रॅक का आला नाही, हा प्रश्न उरतो. पैसा नव्हता म्हणून, असे म्हणणे कठीण आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये याच शहरातल्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एका दिवसात १५० मर्सिडीज घरी नेल्या. सुमारे ६५ कोटींचा हा व्यवहार देशभर गाजला. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर केलेली टीका आजही बोचते : मर्सिडीजला स्टेट बँकेचे कर्ज सात टक्क्यांनी मिळाले, आणि त्याच मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला बारा टक्के मोजावे लागत होते. टीकेचा रोख विषमतेवर होता आणि तो योग्यच होता. पण मोटारीच्या इतिहासासाठी त्या घटनेचा आणखी एक अर्थ आहे. मोटार इथे लोकांसमोर मिरवण्याची वस्तू म्हणून मोठी झाली. मिरवणुकीला चौक पुरतो, तिथे ब्रेक तापत नाहीत. त्या ६५ कोटींच्या लहानशा हिश्श्यातही निव्वळ सरावासाठी एक साधी डांबरी फेरी उभी राहिली असती. मात्र ती मागण्यासाठी आपल्याला गाडी चालवायला शिकायचे आहे, अशी कबुली द्यावी लागली असती.

हा श्रीमंतांचा खेळ आहे, या म्हणण्यालाही उत्तर ‘आधी ब्रेक, मग ताकद’ या क्रमातच आहे. शेंद्र्याहून निघालेल्या जुन्या ऑक्टाव्हिया आणि लॉरा आज दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे, छोट्या नव्या गाडीहून कमी किमतीत, सापडतात. नवी आरएस मात्र आता बाहेरून येते : २०२० मध्ये २४५ अश्वशक्तीच्या २०० गाड्या, २०२५ मध्ये २६५ अश्वशक्तीच्या अवघ्या १००, त्या प्रत्येकी जवळपास ५० लाखांना. तिला कुठलाही रिमॅप लागत नाही, कंपनीनेच तो शौक पुरा केला आहे. तिच्या मालकाला चेन्नईच्या पहिल्या वळणाआधी जी अडचण येईल ती वीस वर्षे जुन्या आरएसच्या मालकाला आली असती तशीच असेल, फक्त जास्त वेगाने आलेली. दोघांच्याही यादीत पहिले नाव ब्रेक ऑइलचेच लागेल.